पहाटेचे पाणी

सुरत हे नाव कानी पडले की मराठी माणसाच्या मनात प्रथम उभी राहतात ती १६६४ आणि १६७० ही दोन साले. त्यानंतर आठवते ती जरीची आणि हिऱ्यांची सुरत. ज्यांची नातीगोती खानदेशात आहेत, त्यांना भुसावळहून निघालेल्या लोहमार्गाच्या टोकाची सुरत आठवते. तिच्या लिंबायत, उधना, डिंडोली ह्या भागांतून आज मराठी आणि अहिराणी सर्रास ऐकू येते. परंतु खानदेश आणि सुरत यांना जोडणारी सर्वांत जुनी वाट लोहमार्गाची नव्हे, पाण्याची आहे. बैतूल जिल्ह्यात मुलताई येथे उगम पावलेली तापी चांगदेवापाशी पूर्णेला पोटाशी घेते, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा अशी खानदेशची सारी भूमी ओलांडते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून सुरतेच्या पलीकडे खंबायतच्या आखाताजवळ समुद्राला मिळते. खानदेशाने जिला आपली नदी म्हटले, तिचेच पाणी सुरतेचा गिरणी-कामगार पितो. ह्या पाण्याची प्रकृती कोण पाहतो, कशी पाहतो आणि मुख्यतः दिवसाच्या कोणत्या प्रहरी पाहतो, एवढाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

पाण्यावर नजर ठेवण्याची सवय सुरतेला नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. आषाढ लागला की उकाई धरणाची पातळी तेथील वृत्तपत्रे रोज फुटांत छापतात. पूर्ण भरलेल्या उकाईची पातळी ३४५ फूट असते, हे पानवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना मुखोद्गत असते. होप पुलापाशी ९.५ मीटरला धोक्याची खूण आहे. सिंगणपूरच्या कॉजवेवर पाणी ६ मीटरांवर गेले की वाहतूक बंद करतात, हेही तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ऑगस्ट २००६ च्या महापुरात शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला होता, आणि ज्यांनी ते दिवस गच्चीवर काढले त्यांना ह्या आकड्यांचे मोल कळते. तथापि हे सर्व आकडे पाणी किती आले ते सांगतात. पाणी कसे आहे, त्यात श्वास घेण्याजोगा प्राणवायू किती आहे, अमोनिया किती आहे, हे सांगणारा आकडा मात्र ज्यास तोंडपाठ आहे असा नागरिक सुरतेत शोधूनही सापडणे कठीण. तसा तो पुण्यात किंवा नाशकातही सापडणार नाही, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे.

सुरतेच्या बाबतीत ह्या प्रश्नाला धार आली ती एका बंधाऱ्यामुळे. खंबायतच्या आखातातील भरती-ओहोटी फार मोठी. पूर्वी भरतीचे पाणी तापीच्या मुखातून शिरून शहराच्या वरपर्यंत चढत असे, व ओहोटीबरोबर परतत असे. नदीला भरपूर पाणी होते तोवर ह्या येण्याजाण्याने पिण्याच्या पाण्याला फारसा उपद्रव झाला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहराची पहिली पाणीपुरवठा योजना वराछा येथे नदीच्या काठीच उभी राहिली. पुढे १९५० नंतरच्या दशकात काक्रापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले. कालव्यांनी शेते भिजली. पण उन्हाळ्यात नदीचा प्रवाह बारीक झाला, शहर मात्र वाढत गेले, आणि समुद्राचे खारे पाणी वर वर सरकू लागले. त्याला अटकाव करण्यासाठी १९९५ साली सिंगणपूर आणि रांदेर यांच्यामध्ये बंधारा-वजा-कॉजवे बांधण्यात आला. त्याच्या खाली भरती-ओहोटीची खारी तापी, आणि वर गोड्या पाण्याचे लांबलचक सरोवर. ह्या सरोवराच्या काठी आणि पोटात शहराच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी आहेत. सरथाणा, कतारगाम, रांदेर येथील केंद्रे ह्याच पाण्यावर चालतात.

बंधारा आवश्यक होता, ह्याबद्दल दुमत नाही. परंतु त्याने नदीची वृत्ती पालटून टाकली, ही गोष्ट पुरेशी लक्षात घेतली गेली नाही. वाहती नदी खडकांवर आपटते, उथळ जागी पसरते, हवेशी सतत लगट करते, आणि त्या लगटीतून प्राणवायू मिळवून अंगावर आलेली घाण हळूहळू पचवते. तिच्यात आज सकाळी पडलेले मैलापाणी संध्याकाळी पुष्कळ पुढे गेलेले असते. साचलेले पाणी असे काही करीत नाही. त्यात गाळ खाली बसतो, पाणी नितळ होते, सूर्यप्रकाश खोल जातो. वरच्या गावांतून आणि शहराच्या नाल्यांतून आलेला नत्र व स्फुरद आयता हजर असतो. शेतांतून वाहून आलेल्या खताची त्यात भर पडते. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या सूक्ष्म वनस्पती कोट्यवधींनी वाढतात, आणि डोळ्यांना दिसणारी जलपर्णी सुरतेच्या पुलांवरून जाणाऱ्या सर्वांना ठाऊकच आहे. महापालिका यंत्रे लावून ती उपसते, आणि ती पुन्हा येते. जलपर्णी ही काही रोगाचे मूळ नव्हे. पाण्यात अन्न फार झाले आहे, एवढेच ती सांगत असते. फोटो मात्र तिचे निघतात.

ह्यानंतर थोडे शास्त्र सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. पाण्यात प्राणवायू दोन वाटांनी येतो: हवेतून, आणि पाण्यातील वनस्पतींनी प्रकाशात केलेल्या क्रियेतून. हवेच्या वाटेने येणाऱ्याला मर्यादा आहे. पाणी २० अंश तपमानाचे असेल तर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू त्यात मावतो. तेच ३० अंशांवर गेले तर साडेसातच मावतो. म्हणजे वैशाखात, जेव्हा माशांना आणि जिवाणूंना प्राणवायू अधिक लागतो, तेव्हाच पाण्याची झोळी लहान होते. वनस्पतींची वाट अशी बांधलेली नाही. हिरव्यागार साचल्या पाण्यात भर दुपारी त्या इतका प्राणवायू सोडतात की मोजणी १० किंवा १२ मिलिग्रॅमवरही जाते. मात्र सूर्य मावळला की ह्याच वनस्पती देणे थांबवतात. श्वास घेणे काही थांबवीत नाहीत. त्यांच्याबरोबर मासे, किडे, तळाच्या गाळातील असंख्य जिवाणू, सगळेच रात्रभर त्याच साठ्यावर जगतात. साठा घटत घटत सूर्योदयाच्या थोडे आधी सर्वांत खाली येतो. साचल्या पाण्यातले मेलेले मासे बहुधा सकाळीच तरंगताना दिसतात ते ह्यामुळे. रात्री कोणी विष घातले असा संशय घेऊन गावे एकमेकांवर उठतात, आणि विष तर त्याच पाण्याच्या अति हिरवेपणात असते.

म्हणून एकाच जागेवरचे, एकाच दिवसाचे दोन नमुने दोन निरनिराळ्या नद्यांचे वाटावेत असे निघू शकतात. दुपारी दोनचा नमुना उत्तम ठरतो, पहाटे पाचचा नापास होतो. दुपारचा आकडा खोटा असतो असे नाही. तो दुपारचा असतो, आणि अहवालात छापताना त्याच्यापुढे वेळ छापली जात नाही, तेथे घोटाळा होतो.

ही गोष्ट कोणाला पुस्तकावाचून कळली असेल तर ती कोळंबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला. सुरतेच्या वायव्येस ओलपाड तालुक्यात, खाडीच्या काठच्या खारट जमिनीत, असे तलाव आहेत. तेथे त्यांना झिंग्याचे तलाव म्हणतात. ह्या धंद्याने फार चढउतार पाहिले. प्रथम काळ्या वाघी कोळंबीचा जमाना होता. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग देशभरच्या किनाऱ्यावर पसरला आणि तलावच्या तलाव बसले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरील मत्स्यशेतीसंबंधी कडक निर्णय दिला; २००५ साली संसदेने स्वतंत्र कायदा करून प्राधिकरण नेमले; आणि २००९ पासून अमेरिकेच्या प्रशांत महासागराकडील किनाऱ्याची व्हॅनामी जातीची कोळंबी पाळण्यास परवानगी मिळाली. ही जात दाटीवाटीने राहते. दाटी आली की पाण्यावरचा ताण वाढतो, आणि पाण्यावर लक्ष ठेवणे हा हौसेचा विषय न राहता पोटाचा होतो.

अशा तलावावरच्या माणसाची रात्र पाहण्याजोगी असते. पाण्यावर पात्यांची चाके फिरत असतात. ती पाणी उडवून हवा मिसळतात, आणि वीज गेली की जनरेटर लावण्यासाठी कोणीतरी जागे असावेच लागते. पहाटे चार-पाचच्या सुमारास तो बांधावरून जातो, मापकाची कांडी पाण्यात सोडतो आणि प्राणवायूचा आकडा वहीत लिहितो. तो ४ मिलिग्रॅमच्या खाली येऊ लागला की त्याच्या पोटात गोळा उठतो. ३ च्या खाली कोळंबी खाणे टाकते, आणखी खाली गेला की ती काठाशी येऊन तरंगू लागते. दुपारी तो पुन्हा मोजतो. त्याचबरोबर सामू, म्हणजे पाण्याचा आम्ल-विम्लपणा, हाही दोन्ही वेळा पाहतो. सामू साडेसात ते साडेआठ असावा हे तर खरेच. पण सकाळ-दुपारच्या आकड्यांत अर्ध्याहून अधिक अंतर पडू लागले तर पाणी फार हिरवे झाले आहे हे त्याला समजते. एकटा आकडा त्याला जेवढे सांगत नाही, तेवढे दोन आकड्यांमधले अंतर सांगते. आकाश दोन-तीन दिवस ढगाळ राहिले की तो खाद्य कमी करतो, कारण प्रकाशावाचून हिरव्या वनस्पती दिवसाही प्राणवायू देणार नाहीत आणि न खाल्लेले खाद्य तळाशी कुजून उरलासुरलाही खाईल.

त्याच्याजवळ आणखी एक साधन असते, ते पाहून कोणालाही हसू यावे. दोरीला बांधलेली एक तबकडी. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होईल तेथे दोरीवर खूण पाहायची. तीस-चाळीस सेंटीमीटरांवर दिसेनाशी झाली तर ठीक. त्याच्या आधीच लुप्त झाली तर पाणी दाट झाले. ही युक्ती आंजेलो सेकी नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाची. १८६५ साली पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी त्याने पांढऱ्या तबकड्या बुडवून पाहिल्या. आकाशातील तारे पाहण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचे नाव ओलपाडच्या चिखलात अशा रीतीने पोचले आहे.

ह्या शेतकऱ्याला साधुपुरुष ठरवण्याचे कारण नाही. तलाव रिकामा करताना तो जे पाणी खाडीत सोडतो, त्याच्या प्राणवायूची तो पहाटे उठून चौकशी करीत नाही. आपल्या बांधाच्या आतले पाणी तो जिवापाड सांभाळतो, कारण चार महिन्यांचे पीक एका रात्रीत जाऊ शकते आणि ते त्याचे स्वतःचे असते. नदीचे पाणी सर्वांचे आहे. तिच्यासाठी चार वाजता कोण उठणार?

त्याहूनही लहान पाणी म्हणजे मत्स्यालयाचे. मुंबईकरांच्या दोन पिढ्यांनी १९५१ साली सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय पाहिले. सुरतेत महापालिकेने पाल भागात जगदीशचंद्र बोस यांच्या नावे मत्स्यालय उभारले, ते २०१४ साली खुले झाले. काचेपलीकडील रंगीत मासे पाहणाऱ्या मुलांना कल्पना नसते की तेथला खरा कारभार वाळूत आणि गाळणीत राहणारे जिवाणू चालवतात. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. एका जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचे नायट्रेट. पहिले दोन पदार्थ माशांना घातक, तिसरा त्या मानाने सौम्य. नव्या टाकीत ही जिवाणूंची वस्ती बसायला कित्येक आठवडे लागतात, आणि तेवढा धीर नसलेल्या हौशी माणसाचे मासे पहिल्या पंधरवड्यातच मरतात. अमोनियाचे विषारीपणही सदासर्वदा सारखे नसते. पाणी ३० अंशांचे आणि सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी शंभरात एकाहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे साडेसात भाग. ९ वर गेला की जवळजवळ ४५ भाग. विष तेवढेच, पण धार पन्नासाहून अधिक पटींनी वाढलेली.

आता हेच नदीला लावून पाहावे. हिरव्या पाण्यातील वनस्पती दुपारी कार्बन डायॉक्साइड शोषून घेतात, त्यामुळे सामू वर चढतो. अर्थात मैलापाण्यातून आलेला अमोनिया माशांना बाधतो तो दुपारी, आणि प्राणवायूची टंचाई भासते ती पहाटे. पाण्याची नाडी पाहायची तर एक वेळ पुरत नाही, दोन पाहिजेत. तलाववाला दोन वेळा मोजतो, त्याचे मर्म हे आहे.

नदीचा नमुना घेण्याची रीत मात्र फार वर्षांपूर्वी, वेगळ्या नद्यांच्या अनुभवावर ठरली. प्राणवायू मोजण्याची जी पद्धत आजही प्रयोगशाळांतून कसोटीची मानली जाते, ती हंगेरीच्या लाजोश विंक्लर याने १८८८ साली प्रसिद्ध केली. तीनशे मिलिलिटरची बाटली हवेचा बुडबुडा राहू न देता भरायची, नदीवरच तिच्यात दोन रसायने टाकायची आणि बूच लावून हलवायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. काहीच नसेल तर साका पांढराशुभ्र राहतो. शुभ्र रंग हा येथे अशुभ. पुढे प्रयोगशाळेत आम्ल घालून, पिष्टाच्या खळीने आलेला निळा रंग नाहीसा होईपर्यंत थेंब थेंब द्रावण सोडले की आकडा मिळतो. शाळेत रसायनशास्त्र शिकलेला कोणीही चार दिवसांत हे काम शिकू शकेल.

दुसरी प्रसिद्ध कसोटी म्हणजे घाणीची प्राणवायूची भूक, जिला शास्त्रज्ञ बी.ओ.डी. म्हणतात. बंद बाटलीत, अंधारात, ठरावीक दिवस ठेवलेले पाणी किती प्राणवायू खाते ते ह्यात पाहतात. मैलापाण्यासंबंधीच्या ब्रिटिश रॉयल कमिशनने १९१२ च्या अहवालात पाच दिवसांची मुदत धरली. तेथल्या नद्या आखूड, पाणी थंड. सांडपाणी नदीत पडल्यावर समुद्राला पोचायला पाच दिवसांहून अधिक लागत नाहीत असा हिशेब सांगितला जातो. आपल्याकडे पाणी उष्ण म्हणून २७ अंशांवर तीन दिवस ही रीत प्रमाण झाली, हे शहाणपणाचेच झाले. तपमानाचा फरक आपण ओळखला. परंतु ज्या नदीत आठ महिने पाणी बंधाऱ्याआड उभे असते तिचा नमुना किती वाजता भरावा, हा विचार मागेच राहिला.

१९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यानंतर केंद्रीय मंडळ स्थापन झाले आणि राज्याराज्यांच्या मंडळांना कायद्याचे पाठबळ मिळाले. महाराष्ट्राने तर स्वतःचे मंडळ १९७० सालीच स्थापले होते. देशातील नद्यांवर आज शेकडो जागा ठरलेल्या आहेत. तेथून महिन्यास किंवा तीन महिन्यांस नमुने घेतले जातात. केंद्रीय मंडळाने पाण्याचे पाच वर्ग पाडले आहेत. नेहमीची शुद्धीकरणाची प्रक्रिया करून पिण्यास वापरायचे पाणी ‘क’ वर्गात येते. त्यात प्राणवायू लिटरमागे निदान ४ मिलिग्रॅम, बी.ओ.डी. ३ मिलिग्रॅमपर्यंत, आणि शंभर मिलिलिटरात कोलिफॉर्म जिवाणू ५,००० पर्यंत चालतात. हा दंडक वाजवी आहे. मात्र महिन्याचे तास ७२० असतात आणि नमुना त्यांतल्या एका तासाचा. तो घेणारा माणूस जीपने येतो, ऊन चढल्यावर येतो, कारण बर्फाच्या पेटीत ठेवलेल्या जिवाणूंच्या बाटल्या त्याला त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायच्या असतात. त्याला दोष देता येत नाही. तो पृष्ठभागाखाली तीसेक सेंटीमीटरांवरून पाणी घेतो, म्हणजे नेमके जेथे प्रकाश आणि हिरवळ सर्वांत अधिक त्या थरातून. उन्हाळ्यात खोल सरोवरात वरचे ऊन पाणी आणि खालचे गार पाणी लवकर मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू संपत आलेला असतो तेव्हाही वरची बाटली तपकिरी निघू शकते.

ह्यात नागरिकाचे काय बिघडते, असे कोणी विचारील. केंद्रात तुरटीने गाळ बसवतात, वाळूतून गाळतात, क्लोरीन घालतात. मासे गुदमरोत, नळाचे पाणी तर स्वच्छ आहे. हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. नदीच्या पाण्यात अमोनिया असला की क्लोरीन जिवाणूंकडे वळण्यापूर्वी त्याच्याशी झुंजत बसतो. अमोनियातील नत्राच्या एका भागाचा निकाल लावायला सिद्धांताप्रमाणे क्लोरीनचे साडेसात भाग खर्ची पडतात, व्यवहारात त्याहून अधिक. ठरलेल्या मात्रेने क्लोरीन टाकणाऱ्या केंद्रात एखाद्या दिवशी अचानक अमोनिया वाढला तर शेवटच्या घराच्या नळाशी उरलेला क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम असावा ही अट तुटते, आणि तुटली हे कळते ते दुसऱ्या दिवशी. दुसरी गोष्ट नदीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींची. वाळूतून झिरपणारे पाणी ह्या आडव्या नळ्यांनी गोळा करतात. वाळू ते निसर्गतःच गाळून देते. पण वरच्या सरोवराचा तळ प्राणवायूविना राहिला तर झिरपणाऱ्या पाण्यात लोह आणि मँगनीज विरघळून येतात, पुढे हवा लागताच नळांतून त्यांचे तपकिरी-काळे कण सुटतात, आणि गृहिणी धुतलेल्या कपड्यावरचा डाग दाखवून महापालिकेला बोल लावते. त्या डागाचा उगम सरोवराच्या तळाशी आहे, हे तिला कोणी सांगितलेले नसते.

गिरण्यांच्या रंगाच्या पाण्याचा उल्लेख येथे जाणूनबुजून केला नाही. तो निराळा विषय आहे, आणि त्याचा पुष्कळसा भार शहराच्या दक्षिणेच्या खाड्यांवर पडतो. शहराचे मैलापाणी शुद्ध करून, त्यावर आणखी प्रक्रिया करून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना विकण्याचे केंद्र बमरोली येथे २०१४ पासून आहे. दिवसाला चार कोटी लिटरांनी त्याची सुरुवात झाली. ते काम चांगले आहे. नदीतून उचलायचे पाणी तेवढे वाचते.

यंत्रांकडे पाहून कोणी म्हणेल की माणूस उठवायचा कशाला, मापक बसवावे आणि तारेने आकडा मागवावा. गंगेवर अशी स्वयंचलित केंद्रे बसवलीही आहेत. पण उष्ण, सकस पाण्यात मापकाच्या टोकावर थोड्याच दिवसांत शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो, आणि मग ते यंत्र नदीचा नव्हे, आपल्याच अंगावरच्या शेवाळाचा प्राणवायू मोजू लागते. कोणीतरी होडीतून जाऊन ते पुसावे लागते, विंक्लरच्या बाटलीशी ताडून पाहावे लागते. पैसा यंत्राच्या खरेदीला मंजूर होतो. पुसणाऱ्याच्या पगाराला होत नाही, असा आपल्या सार्वजनिक कामांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

सुरतेकडून मात्र अपेक्षा करण्यास जागा आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे हे शहर सोडून पळाली. पुढच्याच वर्षी आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत शहराची जी झाडलोट झाली ती साऱ्या देशाने वाखाणली. त्या कारभाराचे सूत्र असे होते की अधिकाऱ्याने कचेरीत बसून न राहता रोज गल्लीत जायचे, आणि रोज काय दिसले ते त्याच दिवशी मांडायचे. हीच रीत गल्लीच्या टोकापासून नदीच्या काठापर्यंत आणखी काही शे पावले नेता येण्यासारखी आहे. जलशुद्धीकरणाची केंद्रे अहोरात्र चालतात. रात्रपाळी तेथे आहेच. पाणी उचलण्याच्या जागी वरच्या थराची एक आणि तळाची एक अशा दोन बाटल्या पहाटे भरायच्या, तशाच दोन दुपारी, आणि सामूची नोंद त्यांच्यासोबत. एवढे झाले तर उकाईच्या फुटांशेजारी बंधाऱ्याच्या सरोवराचा प्राणवायूही वृत्तपत्रात रोज छापता येईल, आणि वर्षभरात पानवाल्यालाही ४ हा आकडा ३४५ सारखा पाठ होईल. रुंढ आणि भाठा यांच्यामध्ये, आणखी खाली, दुसरा बंधारा घालण्याची योजना आहे. ती पुरी झाल्यावर उभे पाणी शहराच्या आणखी मोठ्या भागातून पसरेल, आणि ह्या नोंदींची गरज दुणावेल.

खानदेशानेही हे दुरून ऐकण्याचे कारण नाही. हतनूरचे धरण, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथील बॅरेज, ह्यांनी महाराष्ट्रातली तापीसुद्धा पाण्याच्या लांबट तळ्यांची माळ केली आहे. भीमेवरच्या उजनीत उन्हाळ्यात पाण्याला चढणारा हिरवा रंग सोलापूरकरांनी डोळ्यांनी पाहिला आहे. नदी अडवली की तिला तळ्याचे नियम लागू होतात, मग तिच्या काठी गुजराती बोलली जावो की अहिराणी.

तापीचा जन्मदिवस आषाढ शुद्ध सप्तमीस मानतात. त्या दिवशी सुरतेत लोक नदीवर जातात, नारळ आणि चुनडी अर्पण करतात. पावसाचे पहिले लोट तोवर बहुधा येऊ लागलेले असतात; पाणी गढूळ असते, वेगाने बंधाऱ्यावरून उतरत असते, जलपर्णीचे हिरवे बेटच्या बेट समुद्राकडे निघालेले असते. तेव्हा प्राणवायूची चिंता फारशी नसते, कारण सरोवर पुन्हा काही काळ नदी झालेले असते. कार्तिक उजाडला की प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, पाणी पुन्हा हिरवे होऊ लागते. तेथून ज्येष्ठाअखेरपर्यंतचे दिवस मोजणीचे. सुरतेला पौषात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो आणि वैशाखात सहाच्या सुमारास. पहिली बाटली त्याच्या अर्धा तास आधी भरलेली असावी.